भाड्याच्या जागेचा वाद आणि निवाड्याचे एकच माप

जालन्याच्या जुन्या बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबाच्या हिशेबात भाड्याची दोन खाती असतात. एक येणाऱ्या भाड्याचे, दुसरे द्यावयाच्या भाड्याचे. वडिलोपार्जित इमारतीचा खालचा गाळा कोणाला तरी दिलेला असतो, आणि स्वतःची आडत मात्र मोंढ्यात दुसऱ्याच्या जागेत दोन-तीन पिढ्यांपासून चालू असते. एकाच घरातील थोरला भाऊ घरमालक म्हणून वकिलाचा सल्ला घेतो आणि धाकटा भाऊ भाडेकरू म्हणून नोटिशीचे उत्तर लिहवून घेतो. अशा कुटुंबाला कायदा मालकाच्या बाजूचा की भाडेकरूच्या, या चर्चेचा फारसा उपयोग नाही. त्याच्या हिताचा प्रश्न वेगळाच आहे. सारख्या परिस्थितीत सारखा निर्णय मिळेल, असा भरवसा धरता येईल काय?

हा भरवसा व्यापाराचा पाया आहे. गाळ्यात फर्निचर करावे की नाही, मुलाला त्याच जागेत बसवावे की दुसरीकडे सोय पाहावी, भाऊवाटणीत भाड्याच्या दुकानाचे मोल काय धरावे, हे सारे निर्णय न्यायालयात काय घडू शकेल या अंदाजावर उभे असतात. अंदाजच बांधता येत नसेल तर माणूस वर्षानुवर्षे अनिश्चिततेत राहतो, आणि शेजारधर्माने जोडलेली दोन कुटुंबे बोलेनाशी होतात.

जालन्याने पाहिलेली दोन व्यवस्था

एकाच राज्यात भाड्याचा कायदाच एक नव्हता, हे आजच्या पिढीला फारसे ठाऊक नसते. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश चाले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे येथे १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा लागू होता. मराठवाडा प्रथम द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तरी हा कायदा तसाच राहिला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हाही येथील गाळ्यांचे आणि घरांचे वाद याच हैदराबादी कायद्याने सुटत होते.

फरक केवळ नावाचा नव्हता. मुंबईत मालक न्यायालयात दावा लावी. जालन्यात तो भाडे नियंत्रकाकडे अर्ज करी. जागा खाली करून मागण्याची कारणे वेगळ्या शब्दांत लिहिलेली होती, आणि अपिलाची वाटही वेगळी होती. सारखेच भांडण, पण पुण्यात त्याला एक उत्तर आणि जालन्यात दुसरे, ही गोष्ट कायद्यानेच मान्य केलेली होती.

३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला आणि हे तिन्ही कायदे रद्द झाले. त्याआधी १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातील गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत, असे स्पष्ट केले होते. नव्या कायद्याने जालन्यातील वाद भाडे नियंत्रकाकडून दिवाणी न्यायाधीशांकडे आणले. त्यांच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात एकच अपील ठेवले. त्यापुढे उच्च न्यायालयात केवळ मर्यादित तपासणी होते. मात्र जुनी प्रलंबित प्रकरणे जुन्याच कायद्याने चालू ठेवण्यात आली. त्यामुळे काही काळ एकाच शहरात, एकाच बाजारात, शेजारच्या दोन दुकानांचे वाद दोन निरनिराळ्या कायद्यांनी चालले. आज कायदा एक आहे. उरलेला प्रश्न त्याच्या वापराचा आहे.

शेजारची दोन दुकाने, दोन निकाल

समजा, एकाच ओळीत दोन दुकाने आहेत. दोन्ही ठिकाणी मालकाला मुलाच्या व्यवसायासाठी जागा हवी आहे. दोन्ही ठिकाणी भाडेकरू तीस वर्षांपासून आहे. एका मालकाला ताबा मिळतो, दुसऱ्याचा दावा फेटाळला जातो. बाजारात लगेच चर्चा सुरू होते की न्यायाधीश बदलले म्हणून निकाल बदलला.

कागद वाचले तर बहुतेक वेळा निराळेच चित्र दिसते. पहिल्या मालकाने मुलगा काय शिकला, कोणता व्यवसाय करणार, आज कोठे बसतो, दुसरी मोकळी जागा का पुरत नाही, हे सांगून पुरावा दिला. दुसऱ्याने दाव्यात 'जागेची नितांत गरज आहे' एवढेच लिहिले आणि उलटतपासणीत त्याच्याच नावावरचा दुसरा मोकळा गाळा निघाला. पहिल्या भाडेकरूने दुसरी जागा शोधल्याचा एकही पुरावा दिला नाही. दुसऱ्याने दलालांकडे केलेली चौकशी आणि आसपासची भाडी दाखवली. वाद सारखे दिसत होते, पण न्यायालयापुढे आलेली माहिती सारखी नव्हती.

म्हणून सातत्याचा अर्थ प्रत्येक वेळी तोच निकाल, असा घेता येत नाही. प्रत्येक वेळी तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच कसोटीने विचारले जावेत, हा सातत्याचा खरा अर्थ होय. उत्तर वेगळे आले तर ते का वेगळे आले, हे निकालपत्र वाचून हरणाऱ्यालाही कळले पाहिजे.

कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने

पहिला प्रश्न असा की हा कायदा त्या जागेला लागू आहे काय. बँकांना, सार्वजनिक उपक्रमांना, आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या प्रायव्हेट किंवा पब्लिक लिमिटेड कंपन्यांना दिलेल्या जागा या कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहेत. त्यांचे वाद मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने सुटतात. गाळा बँकेला दिलेल्या मालकाने शेजाऱ्याच्या निकालाशी आपली तुलना करू नये, ती याच कारणाने.

दुसरा प्रश्न नात्याचा. समोरचा माणूस भाडेकरू आहे की लिव्ह अँड लायसन्स कराराने बसलेला आहे? राहण्याची जागा लायसन्सवर दिली असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो. तेथे लेखी करारात नमूद गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते, आणि मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. दुकानाच्या लायसन्सला ही जलद वाट उपलब्ध नाही. घराचा आणि गाळ्याचा करार एकाच नमुन्यावर करणारी कुटुंबे येथेच फसतात.

तिसरा प्रश्न कारणाचा. भाडे थकले, लेखी संमतीविना पक्के बांधकाम केले, जागा परस्पर तिसऱ्याला दिली, सहा महिने सलग विनाकारण वापरली नाही, की मालकाला स्वतःसाठी हवी आहे? प्रत्येक कारणाची कसोटी निराळी असते. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही.

थकबाकीच्या बाबतीत कायद्याने जवळजवळ गणितच मांडून दिले आहे. मागणीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकलेले भाडे, अनुज्ञेय वाढ आणि १५ टक्के सरळ व्याज भरले, पुढे दावा चालेपर्यंत नियमित भाडे भरत राहिला आणि न्यायालयाने ठरवलेला खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. २०,००० रुपयांची थकबाकी वर्षभर राहिली असेल तर व्याजाचे ३,००० रुपये होतात. तेवढे न भरता केवळ मुद्दल भरणारा भाडेकरू सारे भरूनही अडचणीत येतो. भाडेवाढीतही असाच नेमकेपणा आहे. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. १,००० रुपये भाड्यावर पहिल्या वर्षी ४० रुपये. ज्या गोष्टी आकड्यांत बसतात, त्यांत न्यायाधीशागणिक फरक पडण्याचे कारण उरत नाही.

पोटभाडेकरूच्या वादात व्यापारी कुटुंबांना विशेष सावध राहावे लागते. भागीदार घेणे म्हणजे जागा पोटभाड्याने देणे नव्हे. मूळ भाडेकरूने जागेवरील कायदेशीर ताबा सोडून दिला काय आणि त्याबदली काही मोबदला घेतला काय, ही न्यायालयाची कसोटी आहे. भागीदारीपत्र खरे असेल, मूळ भाडेकरू हिशेबात आणि दुकानात प्रत्यक्ष असेल, तर तो सुरक्षित राहतो. भागीदारी कागदावरच असेल तर तोच कागद त्याच्याविरुद्ध बोलतो. भाडेकरूच्या मृत्यूनंतरही असाच प्रश्न उभा राहतो. व्यवसायाच्या जागेत, मृत्यूसमयी त्याच्यासोबत तेथे व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाचा विचार कायदा आधी करतो. चार भावांपैकी पेढीवर कोण बसत होता, याला तेव्हा मोठे महत्त्व येते.

गरज खरी की निमित्त

सर्वांत अधिक मतभेद होतात ते मालकाच्या 'वाजवी व प्रामाणिक गरजे'वर. येथे आकडा नाही, माणसाच्या हेतूचा शोध आहे. १९९९ मध्ये शिवसरूप गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची मोजपट्टी घालून दिली. गरज स्वाभाविक, खरी आणि प्रामाणिक असावी. भाडेकरूला काढण्याचे ते निमित्त नसावे. आणि न्यायाधीशाने मालकाच्या जागी स्वतःला ठेवून ती तपासावी. गरज सिद्ध झाल्यावर मालकाने कोणत्या जागेत व्यवसाय करावा, हे भाडेकरूने किंवा न्यायालयाने त्याला शिकवू नये, हा विचारही अनेक निकालांत स्थिर झाला आहे.

दावा रेंगाळला तर गरज संपली असे मानावे काय? २००१ मधील एका निकालात हा प्रश्न आला. डॉक्टर मुलाच्या दवाखान्यासाठी जागा मागितली होती. खटला दोन दशकांहून अधिक चालला आणि दरम्यान मुलगा सरकारी वैद्यकीय सेवेत गेला. भाडेकरूने त्यावर बोट ठेवले. न्यायालयाने सांगितले की गरज पाहण्याचा दिवस म्हणजे अर्ज करण्याचा दिवस. न्यायव्यवस्थेच्या विलंबाची शिक्षा मालकाला देता येणार नाही. वाट पाहत कोणी हात बांधून बसत नाही.

गरज सिद्ध झाली तरी निर्णय तेथे संपत नाही. हुकूमनामा दिल्याने अधिक त्रास कोणाला होईल आणि नाकारल्याने कोणाला, हे न्यायालयाला तोलावे लागते. दोघांपैकी कोणाला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे, हे त्यात पाहावे लागते. जागेचा काही भाग देऊन दोघांची अडचण दूर होत असेल तर तेवढ्याच भागाचा हुकूमनामा करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. पुष्कळ निकाल अपिलात टिकत नाहीत ते येथेच. गरजेवर पाने भरून लिहिलेली असतात, आणि त्रासाच्या तुलनेवर दोन ओळी. जागा अर्धी देता येईल काय, हा प्रश्न तर कधी कोणी विचारलेलाच नसतो.

मालकाने जागा घेऊन ती वापरलीच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर पूर्वीच्या भाडेकरूला ती परत मागण्याचा हक्क आहे. गरजेचे निमित्त करणाऱ्यावर कायद्याने ठेवलेला हा पहारा आहे.

वरच्या न्यायालयांतही मतभेद

सातत्याचा प्रश्न केवळ तालुक्याच्या न्यायालयाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. भाडे कायद्याखालील पुनरीक्षणात उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तपासावा काय, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायाधीशांच्या दोन पीठांनी वेगवेगळी मते दिली होती. अखेर हिंदुस्तान पेट्रोलियम विरुद्ध दिलबाहर सिंग या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने २७ ऑगस्ट २०१४ रोजी ते मिटवले. निष्कर्ष कायदेशीर, योग्य आणि पुराव्याला धरून आहे काय, हे उच्च न्यायालय पाहील; पण दुसऱ्या अपिलासारखा साऱ्या पुराव्याचा पुन्हा तोल करणार नाही. याचा व्यवहारातील अर्थ जालन्यातील पक्षकाराने ध्यानात घ्यावा. घटनेची बाजू पहिल्या न्यायालयात आणि फार तर जिल्हा न्यायालयात मांडायची असते. 'पुढे औरंगाबाद खंडपीठात पाहू' म्हणून पुरावा राखून ठेवणाऱ्याला नंतर संधी मिळत नाही.

आणखी एक नियम डिसेंबर २००४ मध्ये ठरला. ताब्याचा हुकूमनामा झाल्यावर भाडेकरूला अपिलात स्थगिती हवी असेल तर न्यायालय त्याला बाजारभावाने वाजवी रक्कम भरण्याची अट घालू शकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यात अपील चालवत राहण्याचा हिशेब त्यामुळे बदलला.

दुसरीकडे काय करतात

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात घरभाड्याचे वाद एका न्यायाधिकरणापुढे चालतात. हे मंडळ भाड्याची थकबाकी, मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी जागा मागणे, जागा खाली करण्याचा आदेश नाकारणे किंवा लांबवणे, अशा विषयांवर साध्या भाषेत मार्गदर्शिका प्रसिद्ध करते. या विषयावर कायदा काय म्हणतो आणि मंडळाचे सदस्य बहुधा कोणत्या गोष्टी विचारात घेतात, हे त्यांत असते. मार्गदर्शिका सदस्यांना बांधत नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावरच ठरते. तथापि वकील न करणारा भाडेकरूही सुनावणीआधी कोणते कागद गोळा करायचे, हे जाणून येतो.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मान्यता दिली. त्यात भाडे प्राधिकारी, भाडे न्यायालय आणि भाडे न्यायाधिकरण अशी तीन पायऱ्यांची रचना आहे, आणि घरासाठी दोन महिन्यांच्या तर अन्य जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याएवढ्या अनामतीची मर्यादा आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. नवी रचना केव्हाही आली तरी तिचे यश एका गोष्टीवर अवलंबून राहील. प्राधिकाऱ्याच्या हाती प्रत्येक कारणासाठी प्रश्नांची निश्चित यादी असावी, आणि त्याने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आदेशात कारणासह लिहावे. जलद निकाल आणि सारखा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी दुसरा सोडून देता येणार नाही.

घरच्या कपाटातील पुरावा

न्यायाधीशाच्या हाती मोजपट्टी आहे, पण मोजायचा माल पक्षकार आणतो. त्या दृष्टीने व्यापारी कुटुंबाने काही सवयी लावून घेतल्या पाहिजेत.

२००० नंतरचा प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शब्दावर चालणारा व्यवहार शोभून दिसतो खरा. परंतु ज्यांनी शब्द दिला ती पिढी गेल्यावर तो शब्द साक्ष द्यायला येत नाही.

भाड्याची पावती देणे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. भाडेकरूने रोख देण्याऐवजी बँकेतून भाडे द्यावे आणि खतावणीत त्याचे स्वतंत्र खाते ठेवावे. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर मनीऑर्डर किंवा धनादेश पाठवून त्याचा पुरावा जपावा. दुरुस्ती किंवा फेरबदलाची संमती लेखी घ्यावी. भागीदारीपत्र, दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंदणी, वीजबिल यांतील नावे एकमेकांशी जुळतात काय, हे वर्षातून एकदा दिवाळीच्या वह्यापूजनाच्या सुमारास पाहिले तर पुढचे पुष्कळ प्रश्न उद्भवतच नाहीत. मालकाने वीज-पाणी तोडून दबाव आणणे कायद्याने निषिद्ध आहे. भाडेकरूनेही भाडे रोखून धरणे हा दबावाचा मार्ग समजू नये.

समाजातील ज्येष्ठांनी दोघांना बसवून मार्ग काढण्याची पद्धत मोलाची आहे. पण अशी तडजोड तोंडी राहिली तर पुढच्या पिढीत नवा वाद होऊन उभी राहते. प्रलंबित दाव्यातील तडजोड लोकअदालतीत नोंदवून घेतली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील नसते. केव्हा जागा सोडायची, तोवर भाडे किती, अनामत केव्हा परत, हे तारखांसह त्यात लिहिलेले असावे.

ज्या कुटुंबाच्या दोन्ही खात्यांत भाडे आहे, त्याने आपल्या भाडेकरूकडून जे मागितले तेच आपल्या मालकाला द्यावे, आणि आपल्या मालकाकडून ज्या पावतीची अपेक्षा धरली तशीच पावती आपल्या भाडेकरूला द्यावी. येणारे आणि जाणारे भाडे घरातच एका मापाने मोजले गेले, तर न्यायालयाकडून त्याच मापाची अपेक्षा करण्याचा अधिकार त्या घराला निःसंकोच प्राप्त होतो.